दुसऱ्या संधीची किंमत: ‘जॉब कोअर’ची साठ वर्षे

१/ शाळा सुटलेली, हाताला काम नाही, घरात दारिद्र्य आणि गल्लीत गुन्हेगारीचे आमंत्रण. अशा सोळा ते एकवीस वर्षांच्या मुलांचे शासनाने काय करावे? अमेरिकेने १९६४ साली या प्रश्नाला एक धाडसी उत्तर दिले. त्यांना घरापासून दूर न्यावे, राहण्या-जेवण्याची सोय करावी, लिहायला-वाचायला आणि एखादा व्यवसाय शिकवावा. या योजनेचे नाव ‘जॉब कोअर’. आजचा थ्रेड तिच्या इतिहासाविषयी.

२/ कथेचा आरंभ मात्र १९६४ पूर्वी तीन दशके होतो. महामंदीने अमेरिका गलितगात्र झाली होती. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातून ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ ही संघटना उभी राहिली. १७ एप्रिल रोजी व्हर्जिनियाच्या जंगलात तिची पहिली छावणी सुरूही झाली.

३/ बेकार, अविवाहित तरुणांनी छावणीत राहावे, झाडे लावावीत, वणवे विझवावेत, रस्ते आणि बंधारे बांधावेत अशी ती योजना. महिना वेतन ३० डॉलर, आणि त्यांतील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. मुलगा रानात राबे आणि त्याच्या कमाईवर घरची चूल पेटे. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांतून गेले. त्यांनी लावलेल्या झाडांची संख्या ३ अब्जांच्या घरात सांगितली जाते.

४/ या उजळ चित्राला एक काळी किनारही होती. कायद्यात वर्णभेदाला मनाई असूनही १९३५ नंतर कृष्णवर्णीय तरुणांसाठी छावण्या वेगळ्या करण्यात आल्या. स्त्रियांना तर या योजनेत प्रवेशच नव्हता. हे दोन्ही मुद्दे ध्यानात ठेवावेत, कारण पुढे तेच प्रश्न नव्या रूपाने उभे राहणार आहेत.

५/ त्याच काळात टेक्सासमध्ये एक उमदा तरुण ‘नॅशनल यूथ ॲडमिनिस्ट्रेशन’ या दुसऱ्या युवक योजनेचा राज्य संचालक म्हणून नेमला गेला. वर्ष १९३५, वय अवघे २६. गरीब मुलांना काम आणि शिक्षण मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य. त्याचे नाव लिंडन जॉन्सन. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा हा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

६/ दुसरे महायुद्ध आले, बेकारी ओसरली आणि छावण्या बंद पडल्या. परंतु ती कल्पना विस्मृतीत गेली नाही. १९५९ मध्ये सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी युवकांसाठी पुन्हा तशीच संघटना उभारण्याचे विधेयक मांडले. सिनेटमध्ये ते अगदी थोडक्या मतांनी संमत झाले, पण पुढे प्रतिनिधिगृहात अडकले. काळ अद्याप अनुकूल नव्हता.

७/ तो अनुकूल झाला एका अहवालाने. जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे सैन्यभरतीसंबंधीचा एक अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष धक्कादायक होता. अठरा वर्षांच्या होणाऱ्या अमेरिकी तरुणांपैकी एक तृतीयांश सैन्यसेवेस अपात्र ठरतील! त्यांतील सुमारे निम्मे शारीरिक कारणांनी, तर उरलेल्यांपैकी बहुतेक साध्या लेखी बुद्धिचाचणीत अनुत्तीर्ण म्हणून. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात ही अवस्था होती.

८/ ८ जानेवारी १९६४ च्या भाषणात जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. या युद्धाचे सेनापतिपद सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे गेले. ते केनेडींचे मेहुणे आणि ‘पीस कोअर’चे संस्थापक संचालक. २० ऑगस्ट १९६४ रोजी ‘इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट’वर स्वाक्षरी झाली आणि या कायद्याच्या पहिल्याच भागात जॉब कोअरला स्थान मिळाले.

९/ येथे एक प्रश्न साहजिक आहे. प्रशिक्षणच द्यायचे, तर ते मुलाच्या शहरात का देऊ नये? निवासाचा एवढा खटाटोप कशासाठी? योजनाकारांचे उत्तर असे की, अडचण केवळ कौशल्याची नाही. भुकेले पोट, किडलेले दात, गोंगाटाचे घर, दारात वाट पाहणारी टोळी, या सर्वांच्या विळख्यात राहून कोणी शिकू शकत नाही. प्रथम परिसर बदलला पाहिजे.

१०/ म्हणून या केंद्रांत भरतीनंतर वैद्यकीय आणि दंत तपासणी होई. पोटभर जेवण, स्वच्छ बिछाना आणि कपडे मिळत. मग वाचन, गणित आणि त्यासोबत एखादा धंदा: सुतारकाम, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, अवजड यंत्रे चालवणे, स्वयंपाक, कार्यालयीन काम. दाखल होणाऱ्या अनेकांची वाचनक्षमता प्राथमिक इयत्तांतल्या मुलांएवढीच होती. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या गतीने शिकावे अशी पाठांची रचना करण्यात आली.

११/ पैशाची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली होती. हातखर्चासाठी थोडी रक्कम महिन्याला मिळे. शिवाय समाधानकारक सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे ५० डॉलर नावावर जमा होत आणि ते केंद्र सोडताना हाती पडत. त्यांतील २५ डॉलरपर्यंत रक्कम घरी पाठवता येई आणि तितकीच भर शासन घाली. १९३३ च्या छावणीतला ‘घरी पाठवायचा पैसा’ असा तीस वर्षांनी परतला.

१२/ पहिले केंद्र जानेवारी १९६५ मध्ये मेरिलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरात उघडले. राष्ट्राध्यक्षांचे विश्रांतिस्थान ‘कॅम्प डेव्हिड’ याच डोंगरात आहे. केंद्रे मुख्यतः दोन प्रकारची होती. एक जंगलांतील लहान ‘संवर्धन केंद्रे’, जी वनखात्यासारख्या शासकीय विभागांकडे होती. दुसरी शहरी केंद्रे. ती मोठी होती आणि अनेक ठिकाणी जुन्या लष्करी तळांवर वसवलेली होती.

१३/ न्यू जर्सीतला कॅम्प किल्मर हे दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण. महायुद्धात युरोपकडे निघालेले सैनिक येथून रवाना झाले. १९५६ च्या हंगेरीतील उठावानंतर ३० हजारांहून अधिक निर्वासितांना येथेच आसरा मिळाला. आणि आता त्याच बराकींत देशातलेच ‘निर्वासित’ आले: शाळेने, बाजारपेठेने आणि सैन्यानेही नाकारलेली मुले.

१४/ शहरी केंद्रे चालवण्याचे कंत्राट मोठमोठ्या कंपन्यांना देण्यात आले. कॅलिफोर्नियातील पार्क्स केंद्र लिटन इंडस्ट्रीजकडे, इंडियानातील ॲटरबरी वेस्टिंगहाउसकडे, तर किल्मर आयटीटीच्या एका उपकंपनीकडे गेले. नोकऱ्या ज्यांच्या हाती आहेत, त्यांनीच कामगार घडवावेत हा त्यामागचा तर्क. गरिबीनिर्मूलनाचे काम खासगी कंत्राटदाराकडे सोपवण्याची पद्धत येथे रुजली. तिच्यावरचा वाद आजतागायत मिटलेला नाही.

१५/ आता स्त्रियांचा प्रश्न. मूळ आराखडा केवळ तरुण मुलांचा होता, कारण चर्चेचे मूळच सैन्यभरतीत होते. ओरेगॉनच्या प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांनी याला कडाडून विरोध केला. गरीब मुलीला कमवावे लागत नाही काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांच्या आग्रहामुळे कायद्यात मुलींचा समावेश झाला, आणि १९६६ मध्ये एकूण भरतीत किमान २३ टक्के मुली असाव्यात अशी तरतूद आली.

१६/ ओहायोतील क्लीव्हलंड येथील मुलींचे केंद्र चालवण्याची जबाबदारी ‘अल्फा कप्पा अल्फा’ या कृष्णवर्णीय महाविद्यालयीन स्त्रियांच्या संघटनेने घेतली. शिकलेल्या भगिनींनी शिक्षणापासून वंचित राहिलेल्या भगिनींचा हात धरला. महामंदीच्या छावण्यांत ज्यांना दारच उघडले नव्हते, त्या आता एका केंद्राच्या चालक झाल्या होत्या.

१७/ वर्णभेदाबाबतही हाच पालट दिसतो. नागरी हक्क कायदा जुलै १९६४ मध्ये झाला आणि जॉब कोअर ऑगस्टमध्ये. त्यामुळे केंद्रे पहिल्या दिवसापासून मिश्र होती. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय मुले एकाच खोलीत निजणार, एका पंक्तीला जेवणार! दक्षिणेतील राजकारण्यांना हे रुचणे शक्य नव्हते. आपल्या राज्यात संवर्धन केंद्र येऊ न देण्याचा नकाराधिकार राज्यपालांना कायद्यातच देण्यात आला होता, त्याची पार्श्वभूमी हीच.

१८/ प्रत्यक्षात आरंभीची वर्षे खडतर गेली. केंद्रांची उभारणी घाईने झाली. घराची ओढ, शिस्तीचा कंटाळा आणि अपेक्षाभंग यांमुळे अनेक मुले पहिल्या तीन महिन्यांतच परत गेली. ऑगस्ट १९६५ मध्ये केंटकीतील ब्रेकिनरिज केंद्रात मोठी दंगल झाली. वृत्तपत्रांनी ती ठळकपणे छापली. केंद्रांशेजारच्या गावांतून तक्रारी येऊ लागल्या आणि ‘ही मुले आमच्या गावात नकोत’ हा सूर तीव्र झाला.

१९/ त्यात खर्चाचा मुद्दा आला. या मुलावर होणाऱ्या वर्षाच्या खर्चात हार्वर्डचे शिक्षण होईल, ही टीका लोकप्रिय ठरली. १९६६ मध्ये प्रतिनिधिगृहाने दरडोई खर्चाला ७,५०० डॉलरची मर्यादा घातली. गंमत अशी की, खर्चावर बोट ठेवणाऱ्यांत एडिथ ग्रीन अग्रभागी होत्या. योजनेत मुलींना आणणाऱ्या आणि योजनेचा हिशेब मागणाऱ्या बाई एकच होत्या. इतिहासात माणसे एका रंगात रंगवता येत नाहीत ती अशी.

२०/ हार्वर्डची तुलना ऐकायला चटकदार होती, पण तिच्यात एक खोट होती. हार्वर्डमधील विद्यार्थ्यामागे अठरा वर्षांचे सकस अन्न, उत्तम शाळा आणि सुशिक्षित घर उभे असते. तो खर्च कोणत्याही शासकीय जमाखर्चात दिसत नाही. जॉब कोअरमधल्या मुलाच्या बाबतीत मात्र ही अठरा वर्षांची थकबाकी एका वर्षात फेडायची होती.

२१/ याच वर्षांत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या ‘फिफ्थ वॉर्ड’ या गरीब वस्तीत एक दांडगा मुलगा शाळा सोडून रस्त्यावर मारामाऱ्या आणि लूटमार करत होता. दूरचित्रवाणीवर जॉब कोअरची जाहिरात पाहून त्याने नाव नोंदवले. तो प्रथम ओरेगॉनमधील फोर्ट व्हॅनॉय केंद्रात आणि नंतर कॅलिफोर्नियातील पार्क्स केंद्रात गेला. तेथे डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकाने त्याच्या मुठींना योग्य दिशा दिली.

२२/ त्या मुलाचे नाव जॉर्ज फोरमन. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले आणि रिंगणात लहानसा अमेरिकी ध्वज फडकावला. काही दिवसांपूर्वीच याच स्पर्धेत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी निषेधाची मूठ उंचावली होती. त्यामुळे फोरमनवर टीका झाली. पण ज्या देशाने आपल्याला दुसरी संधी दिली, त्याच्याविषयीची ती कृतज्ञता होती असे तो सांगत राहिला.

२३/ एका फोरमनवरून योजना यशस्वी म्हणता येत नाही, आणि एका दंगलीवरून अयशस्वीही म्हणता येत नाही. पण राजकारण अशा ठळक चित्रांवरच चालते. १९६८ च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी जॉब कोअरवर टीका केली होती. सत्तेवर येताच १९६९ मध्ये त्यांनी ५९ केंद्रे बंद केली आणि योजना श्रम खात्याकडे सोपवली. दूरच्या रानातल्या केंद्रांऐवजी शहरांजवळची लहान केंद्रे काढावीत असे धोरण ठरले.

२४/ आश्चर्य असे की, योजना मेली नाही. कार्टर यांच्या काळात १९७७ नंतर तिची क्षमता दुप्पट करण्याचे ठरले. रेगन यांनी ऐंशीच्या दशकात ती संपूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले ते त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर ऑरिन हॅच. त्यांच्या यूटा राज्यात केंद्रे होती आणि त्यांचे काम त्यांनी जवळून पाहिले होते.

२५/ रेगन यांच्याविरुद्ध वापरले गेलेले दुसरे शस्त्र म्हणजे आकडे. १९८२ मधील एका मूल्यमापनाचा निष्कर्ष होता की, जॉब कोअरवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला सुमारे १.४५ डॉलरचा लाभ मिळतो. पण या अभ्यासाला एक मर्यादा होती. केंद्रात गेलेल्या मुलांची तुलना न गेलेल्यांशी केली होती, आणि जाणारा मुलगा मुळातच अधिक जिद्दीचा असेल तर?

२६/ ही शंका दूर करण्याचा एकच खात्रीचा उपाय होता: चिठ्ठ्या टाकणे. नोव्हेंबर १९९४ पासून देशभरातील सुमारे ८१ हजार पात्र अर्जदारांतून यदृच्छेने साधारण ६ हजार जणांना निवडून तीन वर्षांसाठी प्रवेश नाकारण्यात आला. हा तुलनेचा गट. योगायोग पाहा, त्याच नोव्हेंबरमध्ये ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन पुन्हा एकदा जगज्जेता झाला होता.

२७/ येथे क्षणभर थांबावे. तुम्ही १९ वर्षांचे आहात. अर्ज केला, पात्र ठरलात, बॅगही भरली असेल. आणि केवळ चिठ्ठीत नाव निघाले म्हणून दार बंद झाले. यात तुमचा दोष काहीच नाही. विज्ञानाच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष होती, पण त्या ६ हजार जणांच्या दृष्टीने? सत्य जाणण्याचीही किंमत असते आणि ती येथेही गरिबांनीच मोजली. धोरणांच्या इतिहासात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

२८/ निष्कर्ष काय निघाले? केंद्रात गेलेल्यांचे शिक्षण वाढले. अधिक जणांनी शालान्त समकक्ष प्रमाणपत्र मिळवले. अटकेचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी घटले. चौथ्या वर्षी त्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक होती. इतक्या अवघड गटासाठी हे यश लहान नव्हते. समर्थकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

२९/ पण संशोधक तेथे थांबले नाहीत. पुढील वर्षांच्या कर-नोंदी तपासल्यावर दिसले की, कमाईतील ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत चौथ्या वर्षानंतर विरून गेली. ती टिकली ती फक्त २० ते २४ वयोगटात. किशोरांपेक्षा थोड्या मोठ्या, जगाचे चटके खाऊन आलेल्या तरुणांनी संधीचे अधिक सोने केले. सर्व वयोगट धरले तर खर्च लाभापेक्षा जास्त भरत होता.

३०/ या एका निष्कर्षाने दोन्ही बाजूंची पंचाईत केली. ‘योजना निरुपयोगी’ म्हणणारे चूक, आणि ‘सर्वांना तारणारी’ म्हणणारेही चूक. शिवाय हिशेबात कमाई आणि गुन्हे मोजले जातात. पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या मुलीचे हसणे, किंवा गल्लीत गोळी लागण्याच्या वयात दूर कुठेतरी सुरक्षित झोपलेला मुलगा, हे कोणत्या रकान्यात मांडायचे?

३१/ केंद्रे नेहमीच सुरक्षित होती असेही नव्हे. हिंसाचार आणि अमली पदार्थ यांच्या तक्रारी वारंवार झाल्या. २०१५ मध्ये दोन केंद्रांत विद्यार्थ्यांचे खून झाले आणि देश हादरला. ज्यांना गल्लीतल्या हिंसेपासून दूर आणायचे, त्यांच्यासोबत ती हिंसाही आत येऊ शकते, हा निवासी प्रशिक्षणाचा मूळचा पेच साठ वर्षांत पुरता सुटलेला नाही.

३२/ आणि मग २०२५. अमेरिकी श्रम खात्याने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार पदवीपर्यंत पोहोचणारे ३८.६ टक्के आणि दर विद्यार्थ्यामागे वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरहून अधिक. समर्थकांचे म्हणणे असे की, महासाथीनंतर पटसंख्या घटली आणि इमारती, कर्मचारी यांचा खर्च तेवढाच राहिला, म्हणून दरडोई आकडा फुगला. हार्वर्डचा जुना वाद नव्या आकड्यांनिशी परतला होता.

३३/ मे २०२५ च्या अखेरीस कंत्राटदारांकडील ९९ केंद्रांचे काम थांबवण्याची घोषणा झाली. मुदत होती ३० जून. वसतिगृहांत त्या वेळी अशीही मुले होती, ज्यांना परत जायला घरच नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले आणि जूनमध्येच संघीय न्यायाधीशांनी या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये जॉर्ज फोरमनचे निधन झाले होते.

३४/ साठ वर्षांत वीस लाखांहून अधिक तरुण या दारातून आत गेले. प्रत्येक पिढीने त्यांच्याबद्दल तोच प्रश्न विचारला: यांच्यावर एवढा खर्च परवडतो का? प्रश्न गैर नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला तुरुंगाचा खर्च, दवाखान्याचा खर्च आणि वाया गेलेल्या आयुष्याचा खर्चही मांडावा लागतो. तो रकाना बहुधा कोराच ठेवला जातो.

३५/ इतिहासप्रेमींनी या कथेतून एवढे घ्यावे. एखादी योजना ‘यशस्वी की अयशस्वी’ असे एका शब्दात विचारू नये. कोणासाठी, कोणत्या वयात, किती काळ आणि कशाच्या तुलनेत, असे विचारावे. १९९४ च्या त्या चिठ्ठीत नाव निघून ज्यांच्यासाठी दार बंद झाले, त्या ६ हजार जणांमुळे आज या प्रश्नांची उत्तरे आपल्या हाती आहेत. त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. निदान त्यांची आठवण असावी.

लेखनसीमा.